गडूतली गंगा आणि दिल्लीचे वरिष्ठ सभागृह

गंगेच्या नावाने मते मागणारे पुष्कळ आहेत. पण निवडणुका आटोपून मांडव उतरले, की संसदेत नदीची बाजू कोण मांडते? वाराणसीच्या घाटावरून राज्यसभेकडे टाकलेली ही एक नजर.

मराठी घरातल्या देव्हाऱ्यात डोकावून पाहा. एखाद्या कोपऱ्यात तांब्याचा लहानसा गडू अजूनही सापडेल. तोंड झाळून बंद केलेला, वर हळदीकुंकवाचे सुकलेले बोट. आजी किंवा पणजी काशीयात्रेहून आली तेव्हा तिने तो आणलेला असतो. घरातल्या माणसाच्या अखेरच्या घटकेला त्यातले थेंबभर पाणी ओठांवर सोडायचे, एवढ्याचसाठी तो वर्षानुवर्षे जपायचा. आमच्याही घरी असा गडू होता. तो उघडायची वेळ आली तेव्हा आत जेमतेम पळीभर पाणी उरले होते, पण त्याला कसला वास म्हणून नव्हता.

नाथांची गोष्ट तर आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. रामेश्वरासाठी काशीहून आणलेली कावड एकनाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. गोष्ट भूतदयेची खरीच. पण त्यात आणखी एक बाब न सांगता गृहीत धरलेली आहे. ते पाणी जीव वाचवण्याजोगे होते!

आज वाराणसीच्या घाटावर उभे राहिले, की ही गृहीत धरलेली बाबच आधी आठवते. पंचगंगा घाट, ब्रह्मा घाट, दुर्गा घाट हा सारा भाग पिढ्यान् पिढ्या मराठी घरांचा. अहिल्याबाईंच्या नावाचा घाट इथे आहे, भोसल्यांच्याही नावाचा आहे. पहाटे स्नानाला उतरणाऱ्या बायका पदर खोचतात, नाक धरतात, तीन बुड्या मारतात. थोड्याच अंतरावर अस्सी आणि वरुणा या दोन उपनद्या शहराचे सांडपाणी घेऊन गंगेला मिळत आल्या आहेत. श्रद्धा आणि सांडपाणी इतके शेजारी शेजारी, की दोहोंकडे एकदम बघणे नकोसे वाटते.

दोहोंकडे एकदम बघणारा एक माणूस मात्र याच घाटावर राहत होता.

महंत आणि प्राध्यापक

तुळशी घाट हा तुलसीदासांच्या वास्तव्याने पावन झालेला घाट. तिथले वीरभद्र मिश्र हे संकटमोचन मंदिराचे महंत होते, आणि काशी हिंदू विद्यापीठात जलशास्त्राच्या अभियांत्रिकीचे प्राध्यापकही होते. सकाळी गंगेत स्नान करायचे आणि मग त्याच पाण्यात जंतू किती, हे मोजायचे! १९८२ साली त्यांनी संकटमोचन फाउंडेशनची स्थापना केली. पुढे घाटावरच पाणी तपासण्याची प्रयोगशाळा सुरू झाली. स्नानाच्या पाण्यात दर १०० मिलिलिटरमागे विष्ठेतून येणाऱ्या जंतूंची संख्या ५०० पर्यंत असावी, फार तर २५०० पर्यंत चालेल, असे सरकारी मानक सांगते. घाटावरच्या वहीतले आकडे या मर्यादेच्या कितीतरी पुढे जात, आणि महंत ते न लपवता जगापुढे ठेवत.

१४ जून १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी गंगा कृती योजनेचा आरंभ केला तो वाराणसीच्याच राजेंद्रप्रसाद घाटावर. योजनेचे स्वागत महंतांनीही केले. पण थोड्याच वर्षांत त्यांच्यातला अभियंता बोलू लागला. योजना उभी होती ती पंपांवर. सांडपाणी पंपाने उचलायचे, दिनापूरच्या शुद्धीकरण केंद्रात न्यायचे, तिथे यंत्रांनी घुसळायचे. वीज गेली की पंप बंद, पंप बंद झाले की घाण पुन्हा गंगेत. उत्तर प्रदेशातली वीज ती, ती कधी जाईल याचा भरवसा कुणी द्यावा? शिवाय यंत्राने पाणी दिसायला स्वच्छ झाले, तरी त्यातले रोगजंतू पुरेसे मरत नाहीत, हेही ते सांगत राहिले. त्यांचा पर्याय साधा होता. घाटाच्या कडेने उताराने वाहणारी वाहिनी घालायची, पाणी शहराबाहेर न्यायचे, आणि ओळीने खोदलेल्या तळ्यांत ऊन, शेवाळ व वेळ यांच्याकडून ते शुद्ध करून घ्यायचे.

१९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना ‘ग्लोबल ५००’च्या मानाच्या यादीत घेतले. २००९ साली पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय गंगा नदी खोरे प्राधिकरण झाले, तेव्हा तज्ज्ञ सदस्यांत महंतही होते. तळ्यांची योजना मात्र कागदावरच राहिली. १३ मार्च २०१३ रोजी ते गेले. महंत संसदेत कधीच नव्हते. त्यांचे काम अर्ज करणे, अहवाल पाठवणे आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला गंगेत नेमके काय मिसळते ते सांगणे, एवढेच होते.

मग दिल्लीत ही भाषा कुणी बोलायची?

मते न मागणाऱ्यांचे घर

लोकसभेत वाराणसीला मोठे वजन आहे. २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तीन निवडणुकांत नरेंद्र मोदी इथून निवडून आले. पण नदीचा कायदा, नदीचा प्रश्न, नदीचे आश्वासन यांचा माग काढू लागलो, की पावले पुन्हा पुन्हा राज्यसभेकडे वळतात. कारण सोपे आहे. राज्यसभेचा खासदार आमदारांच्या मतांवर निवडून येतो किंवा राष्ट्रपती त्याला नेमतात. मुदत सहा वर्षांची. कारखाना बंद करा, धरण थांबवा, टेकडीवर घरे बांधू नका, असे म्हणताना त्याला उद्याच्या मतपेटीची धास्ती नसते. (पक्षाची असते, ती वेगळी!)

गंमत म्हणजे पर्यावरण खाते सांभाळणाऱ्यांची यादी काढली, तरी हेच दिसते. २००९ पासून २०२४ पर्यंत जयराम रमेश, जयंती नटराजन, प्रकाश जावडेकर दोनदा, अनिल माधव दवे, भूपेंद्र यादव ही सारी मंडळी राज्यसभेतली. वीरप्पा मोईली आणि डॉ. हर्षवर्धन हे दोनच लोकसभेतले. ज्या खात्याला ‘नाही’ म्हणायचे असते, ते खाते मतदारसंघ नसलेल्याकडे सोपवणे पंतप्रधानांना बरे वाटत असावे, असा आमचा आपला तर्क.

देशातल्या नद्यांसाठीचा पहिला मोठा कायदाही याच सभागृहाच्या दारातून आला. डिसेंबर १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक विधेयक राज्यसभेत मांडले गेले. पाणी हा राज्यांचा विषय. तेव्हा काही राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून दिल्लीला अधिकार द्यायचे आणि मग दिल्लीने कायदा करायचा, अशी द्राविडी प्राणायामाची वाट होती. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, चर्चा झाल्या, आणि २३ मार्च १९७४ रोजी राष्ट्रपतींची सही झाली. सव्वाचार वर्षे! महाराष्ट्राने मात्र वाट न पाहता १९६९ मध्येच स्वतःचा कायदा करून टाकला होता. गंगा ज्यातून सर्वांत लांब वाहते त्या उत्तर प्रदेशाने केंद्राचा कायदा स्वीकारला तो १९७५ साली.

हाच कायदा फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा राज्यसभेत आला. ५ तारखेला दुरुस्ती विधेयक मांडले, ६ तारखेला मंजूर झाले, ८ तारखेला लोकसभेनेही मान डोलावली. अनेक गुन्ह्यांसाठीची कैद काढून त्याजागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. सुरुवातीला तो हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपुरता होता, इतर राज्यांनी ठराव करून घ्यायचा. कैद व्हायचीच नाही, खटले वर्षानुवर्षे पडून राहायचे, दंड तरी वसूल होईल, हा सरकारचा युक्तिवाद. मोठ्या कारखान्याला १५ लाख म्हणजे काय, हा विरोधकांचा प्रश्न. पहिल्या खेपेला चार वर्षे घेणाऱ्या सभागृहाने दुसऱ्या खेपेला एक दिवस घेतला, हे नोंदवून ठेवायला हवे.

दोन बाकांमधले एक आश्वासन

राज्यसभेतले काम दिसायला अगदीच बिनरंगी. लेखी प्रश्न, शून्य प्रहरातली तीन मिनिटे, शुक्रवारी दुपारी खासगी विधेयक, स्थायी समितीची बैठक. विज्ञान, पर्यावरण आणि वन या विषयांची स्थायी समिती राज्यसभेच्याच अखत्यारीत येते. ३१ सदस्यांपैकी २१ लोकसभेचे असले, तरी अध्यक्ष राज्यसभेचे सभापती नेमतात. या बैठका टीव्हीवर दिसत नाहीत. कदाचित म्हणूनच तिथे पक्ष विसरून बोलता येते.

२८ जुलै २०१६ चा प्रसंग पाहण्यासारखा आहे. जंगल तोडल्याच्या बदल्यात कंपन्यांकडून गोळा झालेले सुमारे ४० हजार कोटी रुपये कसे खर्चायचे, याचे विधेयक राज्यसभेपुढे होते. मांडणारे पर्यावरणमंत्री अनिल माधव दवे. समोरच्या बाकावर माजी पर्यावरणमंत्री जयराम रमेश.

रमेश हे मुंबईच्या आयआयटीत शिकलेले. मंत्री असताना त्यांनी पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांची समिती नेमली, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे विधेयक मे २०१० मध्ये राज्यसभेतून पार करून घेतले, आणि गंगेच्या खोऱ्याचा आराखडा करायला सात आयआयटींना एकत्र बसवले. भागीरथीवरचा ६०० मेगावॉटचा लोहारीनाग-पाला प्रकल्प २०१० साली काम सुरू असताना थांबला, तोही त्यांच्याच काळात. वाराणसीला येणारे पाणी तिथून, वरून यायचे असते, हे लक्षात घेतले की या निर्णयाचे मोल कळते. घाटावरची घाण काढणे निराळे आणि नदीत मुळात पाणी असू देणे निराळे.

दवे यांची जात वेगळी. उज्जैन जिल्ह्यात जन्मलेला हा संघाचा प्रचारक नर्मदेच्या वेडाने झपाटलेला होता. छोट्या विमानातून त्यांनी नर्मदेची परिक्रमा केली, तराफ्यातून नदी पालथी घातली, बांद्राभान इथे नदी महोत्सव भरवला. भोपाळमधल्या त्यांच्या घराचे नावच ‘नदी का घर’. आपल्या वाचकांना आणखी एका कारणाने ते जवळचे वाटतील. शिवरायांच्या राज्यकारभारावर त्यांनी पुस्तक लिहिले आहे.

तर त्या दिवशी रमेश यांनी दुरुस्ती सुचवली. ज्या गावच्या जंगलात हा पैसा खर्च व्हायचा, तिथल्या ग्रामसभेची संमती घ्या. नाहीतर आदिवासींच्या शेतात, कुरणात वन खाते झाडे लावून मोकळे होईल. दवे म्हणाले, नियम करताना ही काळजी घेऊ. रमेश यांनी आश्वासनावर विश्वास ठेवला, दुरुस्ती मागे घेतली आणि विधेयक मंजूर झाले. आजच्या संसदेत असे प्रसंग दुर्मीळच.

पुढे काय झाले? १८ मे २०१७ रोजी दवे अचानक गेले. मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवले होते, की माझे स्मारक नको, पुतळा नको, पुरस्कार नको. आठवण ठेवायचीच तर झाडे लावा आणि जगवा. नियम आले ते ऑगस्ट २०१८ मध्ये. त्यांत ग्रामसभेची संमती नव्हती, सल्लामसलत होती. शब्द देणारा माणूस राहिला नव्हता, आणि शब्दाचे वजनही उतरले होते. राज्यसभेत १९७२ पासून सरकारी आश्वासनांचा पाठपुरावा करणारी खास समिती आहे. तरीही असे होते.

पुण्याच्या वंदना चव्हाण यांचे उदाहरण थोडे निराळे. २०१२ ते २०२४ अशी बारा वर्षे त्या राज्यसभेत होत्या. त्याआधी पुण्याच्या महापौर. शहरात समाविष्ट झालेल्या २३ गावांतल्या टेकड्या जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवाव्यात, म्हणून त्यांनी दीर्घकाळ झुंज दिली. टेकडीवर घर बांधू पाहणारा प्रत्येक माणूस हा शेवटी मतदारच असतो. त्याला नको म्हणायची शिकवण पुण्यात घेऊन त्या दिल्लीला गेल्या, आणि तिथे हवामान बदल, प्लास्टिक, नद्या हे विषय चिकाटीने मांडत राहिल्या. अशा भाषणांना मथळे मिळत नाहीत. सभागृहाच्या इतिवृत्तात ती नीट जपलेली असतात, एवढेच.

हातात फावडे घेतलेला खासदार

वाराणसीचे महंत संसदेत गेले नाहीत, पण त्यांच्यासारखाच एक साधू गेला. बलबीरसिंग सीचेवाल. पंजाबात, जालंधर जिल्ह्यातल्या सीचेवाल गावचे. सुलतानपूर लोधी इथे ज्या काली बेईं नदीशी गुरू नानकांची आठवण जोडलेली आहे, ती १६० किलोमीटरची नदी गावोगावच्या सांडपाण्याने गटार होऊन बसली होती. २००० साली सीचेवाल स्वतः पाण्यात उतरले, जलपर्णी उपसू लागले. बघता बघता शेकडो माणसे फावडी घेऊन आली. सरकारी निविदा नाही, ठेकेदार नाही. कारसेवा! माणसांनी घाट बांधले, काठाने झाडे लावली, आणि नदी पुन्हा वाहू लागली. राष्ट्रपती अब्दुल कलाम हे काम बघायला मुद्दाम आले होते.

नदी उपसली, पण गावांचे सांडपाणी कुठे जाणार? इथे सीचेवाल यांनी जे केले ते गृहिणींनाही चटकन समजेल. डाळ धुतल्यावर पातेले थोडा वेळ ठेवले, की गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी निवळते. तसेच गावाच्या सांडपाण्याचे. आधी ते एकामागून एक विहिरींतून गोल फिरवत न्यायचे, गाळ तळाशी बसतो. मग उथळ तळ्यात उन्हात ठेवायचे. मग पाटाने शेताला द्यायचे. खर्च थोडा, वीज थोडी, आणि पिकाला खतही मिळते. गंगेकाठच्या १६०० हून अधिक ग्रामपंचायतींमध्ये ही ‘सीचेवाल पद्धत’ न्यावी, असे उमा भारती जलसंसाधन मंत्री असताना सरकारनेच ठरवले होते.

ओळीने तळी, उतार आणि ऊन. वीरभद्र मिश्रांनी वाराणसीसाठी हेच तर मागितले होते. एका साधूने ते गावात करून दाखवले, दुसऱ्याला शहरात करू दिले गेले नाही. शहराला जागा लागते, आणि जमिनीचे भाव बघितले की तळे खोदण्यापेक्षा यंत्र बसवणे अधिकाऱ्यांना सोपे वाटते. नोव्हेंबर २०१८ मध्ये दिनापूरला दररोज १४ कोटी लिटर पाणी शुद्ध करणारे नवे केंद्र सुरू झाले. त्याआधीच्या तिथल्या केंद्राची ताकद होती ८ कोटी लिटर. काम झाले नाही, असे कुणी म्हणू नये. घाट पूर्वीपेक्षा झाडलेले दिसतात, नाले अडवले आहेत. पंप मात्र विजेवरच चालतात.

२०२२ साली आम आदमी पक्षाने सीचेवाल यांना राज्यसभेत पाठवले. अंगात भगवी वस्त्रे, भाषण पंजाबीत. अधिवेशन संपले की हे खासदार लुधियानाच्या बुड्ढा नाल्यात उतरलेले सापडतात. संसदेत बोलण्यापेक्षा चिखलात उभे राहिलेले बरे, असा याचा अर्थ कुणी काढील. आम्हाला तो तसा वाटत नाही. नदीत उभा राहिलेला माणूस प्रश्न विचारतो, तेव्हा कागदावर उत्तर लिहिणाऱ्या अधिकाऱ्यालाही जपून लिहावे लागते.

आजोबा आणि नातू

गंगेचा स्वतंत्र कायदा हा प्रश्न पुन्हा आपल्याला वाराणसीत आणून सोडतो. पंडित मदनमोहन मालवीय यांनी ४ फेब्रुवारी १९१६ रोजी इथे काशी हिंदू विद्यापीठाची पायाभरणी करवून घेतली. त्या काळी ते इंपीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलचे सदस्य होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हरिद्वारला त्यांनी ब्रिटिश सरकारला वाटाघाटींना बसवले. कालव्यासाठी बांध घालायचा असला, तरी गंगेची एक धार अखंड वाहती राहील, आणि पुढे काही बदल करायचा तर हिंदू समाजाला विचारल्याशिवाय होणार नाही, हे सरकारकडून कबूल करून घेतले. सरकार परके, हाती सत्ता नाही, तरी वर्षाच्या आत लेखी करार झाला.

त्यांचे नातू गिरिधर मालवीय अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. पुढे ते आजोबांच्या विद्यापीठाचे कुलपतीही झाले. २०१६ साली केंद्र सरकारने गंगेच्या कायद्याचा मसुदा करण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. एप्रिल २०१७ मध्ये मसुदा सरकारच्या हाती पडला. नदीचा प्रवाह अडवणे, पात्रात बांधकाम करणे, घाण सोडणे यांसाठी त्यात शिक्षा सुचवल्या होत्या. २०१८ साली सरकारी खात्याने त्यावरून नवा मसुदा केला. त्याच वर्षी २२ जूनला कानपूर आयआयटीचे माजी प्राध्यापक जी. डी. अग्रवाल हरिद्वारला उपोषणाला बसले. संन्यास घेतल्यावर ते स्वामी सानंद झाले होते. गंगेचा कायदा करा, ही त्यांची मुख्य मागणी होती. १११ दिवसांनी, ११ ऑक्टोबरला, त्यांचा मृत्यू झाला.

तो मसुदा त्या वर्षी राज्यसभेत आला नाही, लोकसभेतही आला नाही. पुढच्या वर्षांतही आला नाही. दरम्यान ऑक्टोबर २०१६ मध्ये १९८६ च्या पर्यावरण कायद्याखाली काढलेल्या सरकारी आदेशावरच गंगेचा कारभार चालत राहिला. आदेशाला संसदेत मतदान लागत नाही, आणि त्यावर कुणाला दुरुस्तीही सुचवता येत नाही.

गिरिधर मालवीय १८ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रयागराजला वारले. वय ८८. त्यांच्या समितीचा मसुदा सरकारकडे जाऊन तेव्हा साडेसात वर्षे झाली होती.